सातपुड्याची माती, दोन धरणांचा गाळ

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर आहे आणि वापरासाठी ठरवलेली किमान पातळी ११०.६४ मीटर. या दोन आकड्यांमधले अठ्ठावीस मीटर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर काठावर डोळ्यांनी पाहता येतात. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली, चिमलखेडी किंवा धडगाव तालुक्यातले डोमखेडी, निमगव्हाण इथे पावसाळ्याच्या शेवटी पाणी डोंगराच्या कमरेपर्यंत चढलेले असते. उन्हाळ्याकडे ते जसजसे ओसरते, तसतसा हिरव्या डोंगराखाली राखाडी-तपकिरी गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, आत मात्र ओल धरून असतो. जनावरे पाण्यावर न्यायची, बोटीपर्यंत पोचायचे, तर हा पट्टा ओलांडावा लागतो आणि त्यात रुतण्याची भीती काठावरच्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात असते.

हा गाळ आला कुठून, तो अडवायचा कुठे, आणि अडवण्याचे काम कुणाचे, या तीन प्रश्नांभोवती नंदुरबारमध्ये गेली चार दशके चर्चा चालू आहे. धरणाचे अभियंते, वन विभाग, विस्थापितांच्या संघटना, पाणलोटात काम करणाऱ्या संस्था आणि उतारावर ज्वारी-मका पेरणारे शेतकरी, प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. ही उत्तरे आज कुठवर आली आहेत, याचा हा आढावा.

दोन नद्या, एक डोंगर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. उत्तरेला नर्मदा, मधून तापी आणि दोघींच्या मध्ये सातपुड्याची आडवी भिंत, अशी त्याची रचना आहे. अस्तंब्याचे शिखर आणि तोरणमाळचे पठार याच भिंतीवर आहेत. उत्तर उतारावरचे पाणी उदईसारख्या नद्यांतून, लहानमोठ्या नाल्यांतून नर्मदेला मिळते. दक्षिण उतारावरचे पाणी गोमाई आणि तिच्यासारख्या नद्या तापीकडे नेतात. गोमाई प्रकाशा इथे तापीला भेटते. नवापूरची रंगावली नैर्ऋत्येकडून उकाईच्या फुगवट्याकडे जाते. म्हणजे एकाच डोंगराची माती दोन धरणांत पोचते: नर्मदेकडची सरदार सरोवरात आणि तापीकडची उकाईत. दोन्ही धरणांच्या भिंती गुजरातमध्ये आहेत.

डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर, हातभर माती. पाऊस चार महिन्यांचा आणि तोही झडीने येणारा. नवापूर, अक्कलकुव्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो, शहाद्याकडच्या सपाटीत बराच कमी. जूनमधल्या पहिल्या सरी सगळ्यांत घातक असतात, कारण त्या वेळी शेत नांगरून मोकळे असते आणि कुरणावर गवत नसते. थेंबाच्या माराने मातीचा कण सुटतो, पाण्याच्या पातळ थराबरोबर घसरतो, मग ओघळी पडतात आणि ओघळींच्या घळी होतात. उतार वाढला की पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की त्याची वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. तापीच्या दोन्ही काठांना, जिथे गाळाची माती खोल साचलेली आहे, तिथे याच प्रक्रियेने घळींचे जाळे तयार झाले आहे.

डोंगराच्या पायथ्याशी मात्र चित्र उलटे आहे. शहादा-तळोद्याची केळी, पपई, ऊस पिकवणारी जमीन हजारो वर्षे नद्यांनी आणून टाकलेल्या मातीचीच आहे. त्यामुळे ‘गाळ म्हणजे संकट’ हे वाक्य इथे सरसकट लागू पडत नाही. मातीचे वाहणे निसर्गाचे आहे. वाद आहे तो त्याचा वेग किती वाढला आणि कुणामुळे वाढला, यावर.

धरणांची अट

उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्यामागचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६२,२२५ चौरस किलोमीटर, म्हणजे तापीचे जवळजवळ सगळे खोरे. बांधताना एकूण साठवण सुमारे ८,५१० दशलक्ष घनमीटर धरली होती. पुढच्या मोजणीनंतर ती सुमारे ७,४१४ दशलक्ष घनमीटर मानली जाऊ लागली. पहिल्या तीन दशकांत साधारण तेरा टक्के जागा गाळाने व्यापली, असा याचा अर्थ. उकाईच्या काळात पाणलोटावर उपचार करण्याची कायदेशीर अट नव्हती. धरण बांधायचे आणि गाळासाठी तळाशी मृतसाठा राखून ठेवायचा, एवढीच त्या काळची रीत होती.

सरदार सरोवराच्या वेळी ही रीत बदलली. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी १९८७ मध्ये मिळाली, ती सशर्त. पाणलोट क्षेत्रावरचे उपचार, पर्यायी वनीकरण, लाभक्षेत्र विकास ही कामे बांधकामाच्या बरोबरीने पुढे सरकली पाहिजेत, असे तीत म्हटले होते. या ‘बरोबरीने’ शब्दावर पुढची तीस वर्षे वाद झाला.

जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर उणिवा दाखवल्या. मार्च १९९३ मध्ये बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग थांबला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० रोजी आला. बहुमताने ९० मीटरपर्यंत बांधकामाला परवानगी दिली आणि त्यापुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या पर्यावरण उपगटाची संमती आवश्यक ठरवली. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळे मत नोंदवले: पर्यावरणाच्या बाजूची पुरेशी तपासणी झालेली नसताना बांधकाम पुढे नेऊ नये. पुढे पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या देवेंद्र पांडे समितीनेही २०१० मध्ये पाणलोट उपचार बांधकामाच्या मागे पडल्याचे म्हटले. धरणाची भिंत मात्र २००६ मध्ये १२१.९२ मीटरवर पोचली होती. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला.

महाराष्ट्रातली ३३ गावे या जलाशयाने बाधित झाली, सगळी नंदुरबारमधली. त्यांतल्या कुटुंबांचा मोठा भाग तळोद्याकडे आला. त्यासाठी तळोद्याच्या वनक्षेत्रातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. गाळाच्या चर्चेत हा दुवा अनेकदा सुटतो. धरणामुळे उठलेल्या माणसांसाठी पायथ्याचे जंगल गेले आणि त्या उतारावरचे पाणी आज तापीकडे, म्हणजे उकाईकडे वाहते.

मोजदाद: किती माती, कुणाची?

भारतात जमिनीची धूप किती होते याचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला. देशात दरवर्षी सुमारे ५,३३४ दशलक्ष टन माती सुटते, हेक्टरी सरासरी साडेसोळा टनांच्या आसपास. त्यांच्या हिशेबात यांतली २९ टक्के माती समुद्राला जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते.

या शेवटच्या आकड्यात सगळ्या वादाचे मूळ आहे. उतारावरून सुटलेली माती म्हणजे धरणात पोचलेली माती नव्हे. ती बांधाला अडते, नाल्याच्या वळणावर थांबते, पायथ्याच्या शेतात पसरते आणि पुढच्या एखाद्या मोठ्या पुरात पुन्हा उठते. म्हणून डोंगरावर शंभर टन माती अडवली, तर धरणातला गाळ शंभर टनांनी कमी होतो असे म्हणता येत नाही. कधी तो परिणाम दिसायला दशके लागतात.

नंदुरबारचा वाटा किती, हा प्रश्नही सरळ नाही. उकाईच्या बाबतीत जिल्ह्याचे एकूण क्षेत्रच सुमारे ५,९५५ चौरस किलोमीटर, म्हणजे धरणाच्या पाणलोटाच्या दहाव्या भागापेक्षा कमी. उकाईत येणाऱ्या गाळाचा मोठा भाग वरच्या खोऱ्यातून, पूर्णेच्या काळ्या जमिनीतूनही येतो. वाटेतल्या जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाला गाळाचा त्रास आहेच. नर्मदेच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा आणखी लहान, संपूर्ण खोऱ्याच्या सुमारे दीड टक्का.

पण लहान वाटा म्हणजे लहान परिणाम असे नाही. नर्मदेवर वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे झाल्यापासून वरून येणारा बराचसा गाळ तिथेच अडतो. सातपुड्याच्या उत्तर उतारावरचे नाले मात्र थेट सरदार सरोवराच्या फुगवट्यात उतरतात; मध्ये थांबायला जागाच नाही. त्यामुळे जलाशयाच्या या भागात स्थानिक मातीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. नाला जिथे जलाशयाला भेटतो, तिथे पाण्याचा वेग एकदम मोडतो आणि जाड कण तिथल्या तिथे बसतात. म्हणून गाळ धरणाच्या भिंतीजवळ नव्हे, गावाजवळच्या खाडीसारख्या फाट्यांत आधी साचतो.

खाणीचे उदाहरण

नंदुरबारमध्ये कोळसा नाही. जवळात जवळच्या खाणी दक्षिण गुजरातमधल्या लिग्नाइटच्या, भरूच जिल्ह्यातली राजपारडी, सुरत जिल्ह्यातली तडकेश्वर आणि वस्तान. तरीही या चर्चेत कोळसा खाणीचे उदाहरण कामाचे आहे, कारण वाहते पाणी आणि गाळ यांच्या नियंत्रणाची सर्वांत काटेकोर नियमावली आपल्याकडे खाणींसाठी तयार झाली आहे.

चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळशावरची माती आणि खडक काढून त्याचे डोंगर उभे केले जातात. तिथल्या बोलण्यात त्यांना ‘ओबी’ म्हणतात. पाऊस पडला की हा सैल ढिगारा वाहू लागतो. म्हणून पर्यावरण मंजुरीत अटी असतात: ढिगाऱ्याभोवती माळेसारखा फिरणारा चर खणायचा, पायथ्याला दगडी भिंत घालायची, चरातले पाणी गाळ बसवण्याच्या तलावात घ्यायचे आणि ते निवळल्यावरच बाहेर सोडायचे. चर आणि तलाव परिसरातल्या कमाल पावसाच्या हिशेबाने आखायचे आणि त्यावर आणखी ५० टक्के मोकळीक ठेवायची. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा. बाहेर जाणाऱ्या पाण्यात तरंगणारे घन कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, हे मानक २००० पासून लागू आहे.

ही व्यवस्था कागदावर आहे तेवढीच प्रत्यक्षात उतरते का, यावर चंद्रपुरातही मतभेद आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात तिथे मोठे पूर आले आणि नदीकाठच्या ओबीच्या ढिगाऱ्यांची पुन्हा चर्चा झाली. तांत्रिक मर्यादाही आहेत. चिकणमातीचे सूक्ष्म कण तासन्‌तास बसत नाहीत, आणि तलावातला गाळ वेळेवर उपसला नाही तर पुढच्या झडीत पाणी आले तसेच बाहेर जाते.

तरी तीन गोष्टी तिथे निश्चित आहेत. जबाबदार कोण, ते ठाऊक आहे. पाणी कुठून बाहेर पडते, ते ठाऊक आहे. आणि किती गढूळ चालेल, त्याचा आकडा आहे. सातपुड्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. इथे पाणी हजारो नाल्यांनी उतरते. उतारावर वन विभागाची जमीन आहे, वनपट्टे आहेत, रस्त्यांची कामे आहेत, चराईची कुरणे आहेत. खाणीसारखी शिस्त इथे आणावी, निदान काही नाल्यांच्या मुखाशी मोजणी तरी सुरू करावी, असे एक मत आहे. यावरचा आक्षेपही वजनदार आहे: खाण माती उकरते आणि नफा कमावते, डोंगरावरच्या शेतकऱ्याची माती वाहते तेव्हा तो स्वतःच कंगाल होतो. त्याला प्रदूषण करणाऱ्याच्या रांगेत बसवता येणार नाही.

चार भूमिका

पहिली भूमिका धरणाच्या नियोजनकारांची. त्यांच्या मते गाळ हा धरणाच्या आखणीत धरलेला भाग आहे. सरदार सरोवराची एकूण साठवण सुमारे ९,४६० दशलक्ष घनमीटर आणि त्यातला सुमारे ३,७०० दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. संपूर्ण ८८,००० चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर उपचार करणे प्रकल्पाच्या खर्चात बसत नाही. म्हणून सर्वेक्षणाने उपपाणलोटांची प्रतवारी करायची आणि जलाशयाला थेट मिळणाऱ्या, अति-उच्च व उच्च धूपप्रवण भागांवरच आधी काम करायचे. ही पद्धत ‘गाळ उत्पादन निर्देशांका’वर उभी आहे आणि देशभरच्या नदीखोरे प्रकल्पांत वापरली गेली आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की प्रतवारीमुळे प्रकल्पाची जबाबदारी अरुंद झाली आणि उरलेले क्षेत्र राज्यांच्या नेहमीच्या योजनांवर सोडले गेले. शिवाय गाळ सगळाच मृतसाठ्यात जाऊन बसत नाही. वरच्या फाट्यांत साचणारा गाळ उपयुक्त साठ्याचीच जागा खातो.

दुसरी भूमिका वन विभागाची. उतारावर सलग समतल चर, नाल्यांत अनघड दगडी बांध आणि गॅबियन बंधारे, रोपवन आणि काही वर्षांची चराईबंदी हा त्यांचा मार्ग. या उपायांमागे भक्कम शास्त्र आहे: झाडापेक्षाही जमिनीलगतचे गवत आणि पालापाचोळा माती धरून ठेवतो आणि चराई थांबली की तो थर लवकर परत येतो. शंका आहे ती देखभालीची. चर दोन-तीन पावसाळ्यांत भरतात. पुन्हा कोण खणणार? आणि जिथे वन विभागाच्या नकाशातली जमीन लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत आले आहेत, तिथे चर खणायला येणारी टोळी आणि शेतकरी समोरासमोर येतात.

इथून तिसरी भूमिका सुरू होते. शहादा-तळोद्यात १९७० च्या दशकात श्रमिक संघटनेने जमिनीचा प्रश्न उभा केला. पुढे नर्मदा बचाओ आंदोलन आणि लोकसंघर्ष मोर्चा यांनी डोंगरातल्या हक्कांचा मुद्दा लावून धरला. त्यांचे म्हणणे साधे आहे: ज्याला जमीन आपली राहील याची खात्री नाही, तो तिच्यावर दगडी बांध घालण्यासाठी चार उन्हाळे का खर्च करील? वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर तो कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क देतो. याच कायद्याचे पाचवे कलम हक्कधारकांवर आणि ग्रामसभेवर लगतचे पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपण्याची जबाबदारीही टाकते. विरोधी बाजूचा प्रश्न असा की तीव्र उतारावर नांगरट चालू राहिली, तर हक्क मिळूनही माती थांबेल का. यावर संघटनांचे उत्तर आहे की हक्क आणि रोजगार हमीतून बांधबंदिस्ती एकत्र आली, तरच नांगराची जागा हळूहळू फळझाडे आणि गवत घेतील.

चौथी भूमिका पाणी अडवणाऱ्यांची, आणि तीत आत दोन गट आहेत. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधाऱ्यांचे काम उभे केले. विहिरींना पाणी आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाला मोठी जागा मिळाली. दुसरा गट ‘माथा ते पायथा’ मानणाऱ्यांचा. त्यांच्या मते माथ्यावर माती न अडवता पायथ्याचा नाला खोल केला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तोच खड्डा गाळाने भरतो. जलयुक्तच्या अंमलबजावणीवर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांच्या याचिकेनंतर जॉनी जोसेफ समिती नेमली गेली, आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही भूजलावरच्या परिणामाबद्दल प्रश्न उपस्थित केले. खोलीकरणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, दुष्काळी गावाला पाणी यंदा हवे असते, दहा वर्षांनी नव्हे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण नंदुरबारच्या डोंगरी तालुक्यांत, जिथे उतार तीव्र आणि नाले अरुंद आहेत, तिथे खोलीकरणाला वावच कमी आणि माथ्यावरच्या कामाला जास्त आहे, यावर सर्वसाधारण एकमत दिसते.

गाळ हीच पुंजी?

गेल्या दशकात प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक दिशा आली. राज्याने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली: तलावातला गाळ यंत्राने उपसायचा आणि शेतकऱ्याने तो स्वखर्चाने वाहून हलक्या जमिनीत पसरवायचा. लहान पाझर तलाव आणि लघुप्रकल्पांसाठी ही कल्पना उपयोगी ठरली, कारण शेत जवळ असते आणि वाहतूक परवडते. सरदार सरोवर किंवा उकाईसारख्या जलाशयाला ती लागू पडत नाही. तिथला गाळ ट्रॅक्टरने हलवता येण्याजोगा नाही आणि काठावर पोचायला रस्ताही नाही.

मात्र मोठ्या जलाशयाचा गाळ वापरण्याची एक जुनी रीत महाराष्ट्राला माहीत आहे, ती गाळपेराची. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत हंगामी पीक घ्यायचे. नर्मदेच्या काठावर तिला अडचण उताराची आहे: तापीच्या सपाटीत गाळ पसरून शेत होते, सातपुड्याच्या कडेला तो उभ्या उतारावर चिकटून राहतो आणि खालच्या फाट्यांत दलदल करतो. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज आहेत. तिथला प्रश्न पुन्हा वेगळा. बॅरेजचे दरवाजे पुराच्या वेळी उघडले जातात, त्यामुळे गाळाचा काही भाग पुढे निघून जातो आणि शेवटी उकाईत येतो.

नर्मदेच्या कडेने पूर्वीपासून चालत आलेले उपायही चर्चेत आणण्याजोगे आहेत. नदीपलीकडे, आजच्या अलिराजपूर जिल्ह्यातल्या भिताडा गावच्या भिलांनी डोंगरी ओढ्याचे पाणी दगड-पानांच्या बांधाने वळवून कडेकडेने शेतापर्यंत नेण्याची ‘पाट’ पद्धत जपली होती. जलव्यवस्थापनाच्या अभ्यासात तिची नोंद झाली आहे. नदीच्या अलीकडे, बिलगावला गावकऱ्यांनी आणि केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीज प्रकल्प उभारला. तो २००६ च्या पावसाळ्यात जलाशयाच्या फुगवट्यात बुडाला. छोटा बांध आणि मोठे धरण यांची गाठ एका नाल्यावर पडली की काय होते, याचे ते ठळक उदाहरण राहिले आहे.

जिथे जमले, तिथे कसे जमले

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले बारीपाडा नवापूरपासून फार दूर नाही. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, दंड, श्रमदानातले दगडी बांध ही सगळी गावाची व्यवस्था. ओढे जास्त काळ वाहू लागले, विहिरी टिकल्या. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याच्या यशाचे श्रेय कुणी नेतृत्वाला देतो, कुणी गावाच्या लहान आकाराला. तिथे जंगल राखण्याचा फायदा त्याच गावाच्या विहिरीत दिसला, हे मात्र दोन्ही बाजू मान्य करतात.

धरणाच्या गाळाच्या बाबतीत देशातले सर्वांत बोलके उदाहरण हरियाणातल्या सुखोमाजरीचे. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये बांधला आणि अवघ्या दोन दशकांच्या आत त्याची अर्ध्याहून अधिक जागा गाळाने भरली. मातीचा माग शिवालिकच्या उतारावरच्या छोट्या गावापर्यंत लागला. मृदसंधारण संशोधक पी. आर. मिश्रा यांनी १९७० च्या दशकात तिथे चर-बांध घातले, पण बकऱ्यांची चराई थांबेना. मग गावासाठी डोंगरात मातीचे लहान बंधारे बांधले आणि त्या पाण्यात भूमिहीनासह प्रत्येक घराला वाटा मिळाला. आता डोंगर चरला तर आपलेच तळे भरते, हे दिसताच गावाने चराई स्वतः थांबवली. सुखनाकडे जाणारा गाळ मोठ्या प्रमाणात घटला. पुढच्या दशकांत ती व्यवस्था सैल पडली हेही खरे, आणि म्हणून ती जशीच्या तशी उचलण्यापेक्षा तिच्यातला धागा पकडावा, असे अभ्यासक सुचवतात: खालच्याला गाळ नको आहे, तर वरच्याला पाणी मिळाले पाहिजे.

नंदुरबारमध्ये हा धागा तुटलेला आहे. सरदार सरोवरातल्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे ३०८ दशलक्ष घनमीटर, आणि विजेत २७ टक्के. यातली वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि पाणी काठावरच्या डोंगरी शेतापर्यंत चढत नाही. ज्या कुटुंबांनी माती धरून ठेवावी अशी अपेक्षा आहे, त्यांना जलाशयाचा थेट लाभ नाही.

उरलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजणीचा. तापीवर सारंगखेड्याला केंद्रीय जल आयोगाचे निरीक्षण केंद्र आहे, नर्मदेवर धरणाखाली गरुडेश्वरला आहे. तिथल्या नोंदींवरून धरणे झाल्यावर खाली जाणारा गाळ झपाट्याने घटल्याचे अभ्यासकांनी दाखवले. पण ही केंद्रे मोठ्या नदीचा हिशेब देतात. कोणत्या नाल्यातून किती माती येते, उपचार केलेल्या आणि न केलेल्या पाणलोटांत फरक किती, हे त्यांतून उलगडत नाही. जवळजवळच्या दोन नाल्यांची दहा वर्षे जोडीने मोजणी झाली, तर चारही भूमिकांतले अर्धे वाद आकड्यांवर येतील.

दुसरा प्रश्न कारणांच्या वाटणीचा. शेती, चराई, जंगलतोड यांवर बरेच बोलले जाते. डोंगरात रस्ते कापताना उतारावर ढकललेला मुरूम, पाण्याच्या चढउताराने ढासळणारा जलाशयाचा काठ यांवर कमी. अठ्ठावीस मीटरच्या पट्ट्यात दरवर्षी भिजून-वाळून सैल होणारी माती हा स्वतःच गाळाचा एक स्रोत आहे. तिची जबाबदारी पाणलोट उपचारांत मोडते की धरणाच्या चालवणुकीत, हे कुठेच ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न देखभालीच्या पैशाचा. पाणलोटाची कामे योजनेच्या मुदतीत होतात आणि मुदतीबरोबर संपतात. जलाशय मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधलेला असतो. वीजविक्रीतला ठरावीक हिस्सा वरच्या ग्रामसभांना दरवर्षी द्यावा आणि बांध, चर, कुरण यांची देखभाल त्यांनीच करावी, हा पर्याय अनेकदा सुचवला जातो. तीन राज्यांच्या वाट्यांचा हिशेब आणि प्राधिकरणाचे नियम यांच्यात त्याला जागा कशी करायची, हे अजून कुणी मांडलेले नाही.

चौथा प्रश्न पावसाचा आहे. जुनी कामे जुन्या पावसाच्या सरासरीवर आखलेली आहेत. एका दिवसात महिन्याचा पाऊस पडू लागला, तर चरांची खोली, सांडव्यांची रुंदी, बांधांचे अंतर सगळे पुन्हा मोजावे लागेल. खाणींना घातलेली ५० टक्के मोकळीक डोंगरातल्या चरांनाही लावायची का, यावर पाणलोट अभियंत्यांत चर्चा व्हायला हवी.

दरम्यान मणिबेलीपासून पुढच्या फाट्यांत गाळाची रेषा दर उन्हाळ्यात दिसते. वरच्या उतारावर एखाद्या वनपट्ट्यात कुणी जूनच्या आधी दगड गोळा करून बांधाची आणखी एक ओळ रचत असतो. त्याच्या शेतातली माती थांबली, तर त्याची ज्वारी एक हंगाम बरी येते, आणि जलाशयाच्या कोणत्याही हिशेबात ती ओळ आज नोंदली जात नाही.